आमची वाटचाल : गुंता सोडवता सोडवता

आमचा मांजरं विंचरण्याचा आणि न्हाऊ घालण्याचा व्यवसाय कात्रीच्या एका चुकीतून सुरू झाला. घरात कापशी नावाची दुधी रंगाची पर्शियन मांजरी होती. तिच्या काखेत केसांचा लगदा झाला होता. तो कापायला गेलो आणि केसांबरोबर कातडीही कापली. गुंता ओढला की मांजराची पातळ कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि केस कुठे संपले ते वरून कळत नाही. हे मला डॉक्टरांनी टाके घालता घालता सांगितलं. त्यानंतर गुंत्याला मी कात्री लावलेली नाही.

सुरुवातीला मी आणि ताई सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांकडे जाऊन मांजरं विंचरून द्यायचो. पैसे मागायची लाज वाटायची. वर्षभरात लक्षात आलं की बोलावणारे बहुतेक सगळे पर्शियनवालेच. या मांजराला वर लांब केस आणि खाली कापसासारखी दाट लव. गळलेली लव लांब केसांत अडकते आणि हळूहळू घट्ट वळते. इतर मांजरं जिभेने आपलं आपण निभावतात, पर्शियनची जीभ तेवढ्याला पुरत नाही. काखा, मांड्यांची आतली बाजू, कानांमागे, गळ्याच्या आयाळीखाली, गुंता ठरलेल्या जागीच बसतो. वरून बघावं तर फुललेला शेवंतीचा गेंद, आणि खाली हात घातला की नमदा, म्हणजे केस दाबून बनवलेल्या जाड कापडासारखा थर.

पहिले काही महिने आम्ही आधी आंघोळ घालायचो आणि मग विंचरायचो. शुद्ध मूर्खपणा! पाणी लागलं की गुंता आणखी आवळतो. आता कोरड्या गुंत्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरतो, केस मुळाशी चिमटीत धरतो म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि स्टीलच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे येतो. आधी रुंद दातांचा, मग बारीक. नमदाच झाला असेल तर केस कापायचं मशीन फिरवतो, मालक कितीही हळहळले तरी. आंघोळीनंतर केस थेट कातडीपर्यंत वाळवायचे. बुरशीचा नायटा पर्शियनमध्ये तसाही जास्त दिसतो आणि तो माणसालाही लागतो. ताईच्या मनगटावर गोल चट्टा उठला, तेव्हा कुठे प्रत्येक मांजरानंतर टेबल आणि कंगवे धुवायची शिस्त आम्हाला लागली.

टेबलाशी उभे असलेले मालक हमखास विचारतात, "पर्शियन म्हणजे इराणचीच ना?" हो आणि नाही. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२०च्या सुमारास इराणकडच्या खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल लिहिलं होतं. पण आजचं रूप घडलं ते पुढे युरोप-अमेरिकेत. १८७१ साली हॅरिसन वीअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, आणि त्यानंतरच्या काळात निवडून निवडून जोड्या लावणं वाढत गेलं. जनुकीय अभ्यासात तर ही मांजरं पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली. नाव माहेरचं आणि बाकी सगळं सासरचं, असं ताई म्हणते.

कापशी सात वर्षांची झाली तेव्हा फार पाणी प्यायला लागली, वजन उतरलं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड दिसले. या आजाराला पीकेडी म्हणतात. फोड जन्मापासून असतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. आईबापांपैकी एकाकडे जरी ते सदोष जनुक असलं तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतं. गालाच्या आत बोळा फिरवून त्याची तपासणी करता येते. हे आम्हाला आधी ठाऊक असतं तर? कापशीची दोन वेतं झाली होती, नऊ पिल्लं आम्ही हौसेने दिली होती. ताईने नऊही घरांना फोन केले. पाच जणांनी तपासणी करून घेतली, तीन पिल्लांत दोष निघाला. एकाने काही न बोलता फोन ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे पैदास बंद. पिल्लू कुठून घेऊ असं कोणी विचारलं, तर आईबाप दोघांच्या तपासणीचे कागद आधी बघा, एवढंच सांगतो.

चपट्या नाकाबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. नाक जितकं आत, तितकं डोळ्यांतलं पाणी गालावर आणि तितकी घरघर. नाकाचा वरचा काठ डोळ्याच्या खालच्या काठाच्या वर जाऊ नये, असं ब्रिटनच्या जीसीसीएफ या मांजरांच्या नोंदणी संस्थेच्या मानकात आहे. मी टेबलावर बोट आडवं धरून तेच बघतो. अशा मांजराला गरम हवेच्या बंद पेटीत आम्ही वाळवत नाही. हाताने वाळवतो, मध्ये मध्ये थांबतो. त्यात पर्शियन स्वभावाने शांत. ओरबाडत नाही, ओरडत नाही, दुखलं तरी बसून राहतं. मालकांना वाटतं, किती गुणी! मला त्या गुणीपणाचीच धास्ती वाटते.

नवीन गिऱ्हाईक आलं की मांजराला हात लावण्याआधी आम्ही मालकाच्या हातात कंगवा देतो आणि काख विंचरायला शिकवतो. ताई म्हणते, हा आपल्याच पोटावर पाय आहे. तिचं गणित बरोबर आहे. रोज विंचरणारे लोक आमच्याकडे वर्षातून दोनदाच येतात, तेही आंघोळीपुरते.