अण्णांच्या मानेतलं ते इंजेक्शन

गौरी जेवायच्या दिवशी दुपारी अण्णांना पहिला शॉक बसला. ताटं वाढून झाली होती, अण्णा खुर्चीतून उठत होते आणि एकदम छाती धरून खाली बसले, मी त्यांचा दंड धरलेला होता तर माझ्या बोटांना पण बारीक झिणझिणी आली (धरणाऱ्याला त्याने काही होत नाही, घाबरून हात सोडू नका). २०१९ ला त्यांना मोठा अटॅक आला होता, हार्टचं पंपिंग २८ टक्क्यांवर आलं होतं म्हणून २०२१ ला एआयसीडी बसवला, म्हणजे छातीत कातडीखाली बसवायचं यंत्र, धोकादायक ठोका दिसला की ते आतूनच शॉक देतं. तेव्हाच सांगितलं होतं की एक शॉक बसला आणि माणूस नंतर बरा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पण लागोपाठ दोन बसले किंवा त्रास वाटला तर सरळ हॉस्पिटल गाठा. मी फोन लावत होते तोवर दुसरा बसला, आणि कराडातून गाडी बाहेर पडायच्या आत तिसरा.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा असा धोकादायक ठोका सुरू झाला तर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात, हे मला त्या संध्याकाळी आयसीयूच्या दारात कळलं. ठोका ताळ्यावर आणणाऱ्या अमिओडॅरॉन औषधाची ड्रिप लावली, पोटॅशियम ३.१ निघालं (लघवीच्या गोळीने कमी होतं) म्हणून ते आणि मॅग्नेशियम दिलं, तरी रात्रीत आणखी पाच शॉक बसले. अण्णा सगळा वेळ शुद्धीत होते, हे मला अजून विसरता येत नाही. मॉनिटरकडे डोळे लावून पडलेले, हात थरथरतोय, घामाने उशी भिजलेली, आणि ठोका ९० वरून १०५, १०५ वरून ११५ असा चढायला लागला की ते माझा हात घट्ट धरायचे, मग पडद्यावर ती रुंद रुंद रेघ सुरू व्हायची आणि धाडकन शॉक. डॉक्टर म्हणाले, आता बघा, शॉकने भीती वाटते, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने पुन्हा व्हीटी (हार्टच्या खालच्या कप्प्यांतला तो धोकादायक वेगाचा ठोका) आणि पुन्हा शॉक, हे चक्र मध्येच कुठेतरी तोडायला पाहिजे.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते कारण आमच्या पाच वर्षांत ते कुणी असं बसून सांगितलं नव्हतं. हार्टचा स्वतःचा वेग मिनिटाला साधारण १०० असतो, व्हेगस नावाची नस त्याला लगाम लावून ७० च्या आसपास ठेवते, आणि सिम्पथेटिक नसा धावपळीच्या, भीतीच्या वेळी वेग वाढवतात. हार्ट फेल्युअरमध्ये पंप कमजोर होतो, मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले सेन्सर मेंदूला कळवतात की रक्त कमी पोचतंय, मेंदूला वाटतं अंगातून रक्त गेलंय बहुतेक, आणि तो सिम्पथेटिक नसांना कामाला लावतो. जखम होऊन रक्त गेलं असेल तर हे बरोबरच आहे, तासा-दोन तासांपुरतं. पण इथे ते महिनोन्‌महिने, रात्रंदिवस चालू राहतं, थकलेल्या बैलाला पराणी टोचत राहावी तसं, आणि दुसरीकडे व्हेगसचा लगाम ढिला पडत जातो. त्यात अटॅकने हार्टमध्ये जो व्रण राहिलेला असतो त्याच्या कडेला नसा पुन्हा उगवतात त्या पण वेड्यावाकड्या, एका जागी दाट तर शेजारी काहीच नाही, त्यामुळे ॲड्रेनलिन वाढलं की एक भाग पुढच्या ठोक्यासाठी लवकर तयार होतो आणि शेजारचा मागे राहतो, आणि करंट त्या फटीतून गोल गोल फिरायला लागतो. तीच व्हीटी.

हे ऐकल्यावर आईने चष्म्याची डबी काढून डॉक्टरांपुढे ठेवली. आत मेटोप्रोलॉलच्या सहा गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, ॲड्रेनलिनचा हार्टवरचा परिणाम अडवणारी गोळी. सणाच्या दिवसांत "त्या गोळीने अंगात त्राण राहत नाही" म्हणून अण्णा रोज एक गोळी हळूच डबीत टाकत होते, आईला त्याच दिवशी सकाळी सापडल्या होत्या. बीटा ब्लॉकर चालू असताना हार्टवरचे ॲड्रेनलिन पकडणारे रिसेप्टर वाढलेले असतात, गोळी एकदम बंद केली की त्या सगळ्यांवर ॲड्रेनलिन तुटून पडतं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले थकवा येतो हे मला आधी सांगायचं ना काका, डोस कमी केला असता. मी नंतर वाचलं की एकेकाळी हार्ट फेल्युअरमध्ये या प्रकारची गोळी द्यायचीच नाही असं शिकवायचे, स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ साली मोजक्या पेशंटना देऊन बघितली, आणि १९९९ ला दोन मोठ्या ट्रायल्समध्ये मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. हे अण्णांना आधी माहीत असतं तर त्या गोळ्या डबीत गेल्या नसत्या असं मला मनापासून वाटतं.

पहाटे मेटोप्रोलॉलच्या जागी प्रोप्रॅनोलॉल सुरू केली, जुनी गोळी आहे पण दोन्ही प्रकारचे बीटा रिसेप्टर अडवते आणि मेंदूपर्यंत पण जाते. सोबत झोपेचं इंजेक्शन, तेही उपचार म्हणूनच, मन शांत झालं की नसा पण शांत होतात. तरी सकाळी सातला आणखी एक शॉक बसला. तेव्हा स्टेलेट गॅन्ग्लियन ब्लॉक करायचं ठरलं. मानेच्या खालच्या भागात, मणक्याला लागून नसांची एक गाठ असते, हार्टकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसा तिच्यातून जातात, डाव्या बाजूची ती गाठ भुलीच्या औषधाने काही तास बधिर करायची. सही करताना माझा हात कापत होता, मानेत सुई म्हणजे. भूल देणाऱ्या मॅडमनी बेडवरच सोनोग्राफी लावून सुई घातली, दहा-पंधरा मिनिटांत झालं.

अर्ध्या तासाने मला आत सोडलं आणि बघते तर अण्णांची डावी पापणी खाली लोंबलेली, त्या डोळ्यातली बाहुली बारीक झालेली, आवाज घोगरा. मला वाटलं लकवा मारला. मी ओरडलेच असेन बहुतेक, सिस्टर धावत आली, मागून मॅडम आल्या आणि पापणी बघून त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाल्या हे व्हायलाच पाहिजे होतं, पापणी उचलणारी आणि बाहुली मोठी करणारी नस त्याच गाठीतून जाते, ब्लॉक बरोबर बसल्याची ही खूण आहे, उतरेल. फक्त आवाज मोकळा होईपर्यंत पाणी द्यायचं नाही, ठसका लागून छातीत जाईल.

मॉनिटरवर ७८. दुपारी ७२. रात्री पण काही नाही. बाहेर रस्त्यावर ढोल वाजत होते आणि अण्णा त्या आवाजात गाढ झोपले होते. पापणी दुसऱ्या दिवशी वर आली. ब्लॉक काही कायमचा नसतो, त्याने वेळ मिळाला, त्या वेळात पोटॅशियम भरलं, गोळ्या लागू पडल्या, आणि सहाव्या दिवशी मांडीतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून व्रणाच्या कडेचे ते फिरते रस्ते जाळले, म्हणजे ॲब्लेशन. अकराव्या दिवशी घरी.

घरी आल्यावर पहिला महिना अण्णा एकटे बाथरूमला जायला पण घाबरायचे, जरा धडधडलं की छातीवर हात. यासाठी पण डॉक्टरांशी बोला, ही भीती खरी असते, आम्ही दोनदा समुपदेशनाला गेलो, मला वाटतं ते आधीच करायला हवं होतं. सहा महिने गाडी चालवायची नाही. अण्णा एसटीत कंडक्टर होते, त्यांनी एका वहीत वे-बिलासारखे रकाने आखलेत, तारीख, वजन, सकाळची नाडी, संध्याकाळची नाडी, आणि शेवटचा रकाना गोळीचा. काल रात्री मी बघितली तर ६४ लिहिलेलं होतं आणि गोळीच्या रकान्यात बरोबरची खूण, आणि चष्म्याची डबी उघडीच वहीशेजारी ठेवलेली, आईला दिसावी म्हणून.