रुमाल फोडू नका, आणि फुटू देऊ नका

नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने मिळवली. एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. मला मनापासून आनंद झाला. बातमी कळल्यावर किती झटपट हालचाली झाल्या! मनात आणलं तर सरकारला जमतं. मग घराघरांत पडलेल्या मोडी कागदांसाठी अशी धावपळ का होत नाही?

मी मोडी वाचते, लिप्यंतर करून देते. बहुतेक लोक जमिनीच्या वादासाठी कागद आणतात. मध्यंतरी वाईकडच्या एका कुटुंबाने अख्खा रुमालच आणला. रुमाल म्हणजे कापडात बांधून ठेवलेला कागदांचा गठ्ठा. वाडा पाडायचा ठरलेला, भावांच्या वाटण्या झालेल्या. आत मुदपाकाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा हिशेब होता: तूप, गूळ, सरपण, कोणत्या दिवशी जेवणाची किती पानं उठली. मधूनच एखादं पत्र, खाली मजकूर संपल्याची खूण म्हणून ‘मोर्तब सुद’चा शिक्का. कडा कसरीने खाल्लेल्या, पण काजळाची शाई अजून काळीभोर.

त्यांनी एका सरकारी कार्यालयात विचारलं. उत्तर मिळालं, कागद भेट म्हणून द्या, पोच देऊ. घरात आईचं आजारपण चाललेलं. चार पैसे मिळाले तर हवेच होते, त्यात गैर काय? मग एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. त्याला फक्त शिक्क्याचे कागद हवे होते, फ्रेम करून विकायला. हिशेब त्याच्या लेखी रद्दी.

जुन्या कागदांचं दफ्तर मरतं ते असं. पत्र कुणी कुणाला, कशासाठी लिहिलं, ते शेजारच्या हिशेबावरून कळतं. दोन्ही वेगळे झाले की शिक्का नुसता शोभेचा उरतो.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे कागद खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. योग्यच आहे. पण बाहेरचं गिऱ्हाईक बंद केलं, तर घरातलं गिऱ्हाईक सरकारनेच व्हायला हवं.

सरकारने हे केलेलंही आहे. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र, वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांच्याकडची पत्रं २०१२ मध्ये लंडनला लिलावात निघणार होती. केंद्राने लिलावाआधीच सुमारे सात लाख पौंड मोजून सगळा संग्रह एकत्र घेतला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आला. एकत्र घेतला, हे मला किमतीपेक्षा मोठं वाटतं.

ब्रिटनमध्ये अशा खरेदीसाठी १९८० पासून कायमचा निधी आहे. माउंटबॅटन घराण्याची कागदपत्रं साउदॅम्प्टन विद्यापीठाने २०११ च्या सुमारास घेतली, तेव्हा त्यातली मोठी रक्कम या निधीतून आली. पण तिथलीच दुसरी बाजूही बघा. आपल्या फाळणीशी संबंध असलेल्या त्यातल्या रोजनिश्या वाचायला मिळाव्यात म्हणून चरित्रकार अँड्र्यू लाउनी यांना वर्षानुवर्षं कायद्याची लढाई लढावी लागली. जनतेच्या पैशाने घेतलेला कागद जनतेला वाचता आलाच पाहिजे. ही अट खरेदीच्या दिवशीच लिहून घ्यायला हवी.

माझं मागणं मोठं नाही. राज्याच्या अभिलेखागारांसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम ठेवा. मोल ठरवायला मोडी वाचणारा माणूस बसवा. निर्णय महिन्याभरात द्या, कारण वाडा पाडणारा ठेकेदार थांबत नाही. घ्यायचा तर पूर्ण रुमाल घ्या, स्कॅन सर्वांना खुले ठेवा आणि सूचीत त्या घराचं नाव लिहा.

तोवर ज्यांच्या माळ्यावर असे रुमाल आहेत त्यांनी एवढं करा: उलगडताना प्रत्येक कागदाचा, मागच्या बाजूसकट, आहे त्या क्रमाने फोटो काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आणि कुणी फक्त शिक्क्याचे कागद मागितले, तर देऊ नका.