चौकोनांचं बिल

शुक्रवार, रात्री

अंधेरीच्या एमआयडीसीत, ईआरपीनेक्स्ट बसवून देणाऱ्या कंपनीत आजचा दिवस. ईआरपीनेक्स्ट म्हणजे हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल ३ या खुल्या लायसन्सखालचं. कोड कोणीही फुकट उतरवून घ्यावा. मग ग्राहक पैसे मोजतो कशाचे?

उत्तर दुपारी प्रिंटरमधून बाहेर आलं. बिलावर नाव-पत्त्याच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग! स्क्रीनवर तेच बिल चोख मराठीत. कारण साधं, पण सुचेपर्यंत घाम काढणारं: ब्राउझर लॅपटॉपमधला फॉन्ट वापरतो, पीडीएफ मात्र सर्व्हरवर तयार होते, आणि नुकत्याच उभ्या केलेल्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बहुतेक वेळा नसतोच. फॉन्टची यादी देणारी एफसी-लिस्ट कमांड देऊन ‘एमआर’, म्हणजे मराठी भाषेचे फॉन्ट मागायचे. यादी रिकामी आली की निदान पक्कं. नोटो किंवा लोहित देवनागरी बसवायचा, ती यादी ताजी करणारं एफसी-कॅशे चालवायचं, पीडीएफ पुन्हा काढायची. डेटाबेसला हात लावायचा नाही, तिथे अक्षरं शाबूत असतात.

डेटाबेसचं दुखणं वेगळंच. मारियाडीबी या डेटाबेसच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, एका चिन्हाला फार तर ३ बाइट मिळतात. देवनागरीला नेमके ३च लागतात: ‘मुंबई’ म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई, ५ चिन्हं, १५ बाइट. त्यामुळे मराठी नावं टाकून तपासलं तर सगळं आलबेल. पुढे कधीतरी कोणी शेऱ्यात हसरा चेहरा टाकतो, त्याला ४ बाइट लागतात आणि नोंद अडकते. म्हणून ४ बाइट देणारं यूटीएफ८एमबी४ पहिल्यापासूनच ठेवायचं, आणि चाचणीच्या नोंदींत एक इमोजी हवाच.

बसवणं त्या मानाने सरळ. बेंच हे फ्रॅपेचं कमांडचं साधन: आधी बेंच इनिट, मग गेट-ॲप, न्यू-साइट, इन्स्टॉल-ॲप, शेवटी बेंच स्टार्ट. साइट ८००० पोर्टवर उघडते. फसतात ते दोन ठिकाणी. गेट-ॲप फक्त कोड आणतं. इन्स्टॉल-ॲप राहिलं तर साइट चालते, पण हिशेबाचा पत्ता नाही. दुसरं, खालच्या फ्रॅपे फ्रेमवर्कची ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, आवृत्ती १५ची आणि ईआरपीनेक्स्टची डेव्हलप, म्हणजे अजून घडत असलेली, असा विजोड संसार टिकत नाही.

लायसन्सचा घोळ कॉलेजात सगळ्यांचाच असतो. फ्रेमवर्कला एमआयटी हे सैल लायसन्स, ईआरपीनेक्स्टला जीपीएल. बदललेली प्रत दुसऱ्याच्या हाती दिली तर सोर्सही द्यावा लागतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना नुसतं वापरू दिलं तर जीपीएल तो मागत नाही. तेव्हाही सोर्स मागते ती एजीपीएल, जीपीएलची कडक बहीण.

दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवायची तर ब्रँच डेव्हलपवरून काढायची आणि एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे ‘माझा बदल सामील करा’ या विनंतीत, एकच बदल ठेवायचा. बगच्या नोंदीत आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठे झाली ते सांगणारा मजकूर) पूर्ण; अर्धवट स्क्रीनशॉटवरून कोणालाच काही शोधता येत नाही. सगळ्यात चिडचिड एडिटरमुळे: फाइल सेव्ह करताना तो स्वतःच्या मर्जीने स्पेस नीटनेटक्या करतो, आणि ३ ओळींची दुरुस्ती २०० ओळींची दिसते. अशी रिक्वेस्ट वाचायला कोण बसणार? ते फॉरमॅटिंग बंद ठेवायचं, आणि पाठवण्याआधी गिट डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, पहिल्या ओळीपासून वाचायचं.