शाईची खूण

मंगळवार, रात्री साडेदहा. दादर, गाडगे महाराज धर्मशाळा.

ताईला आत्ता कुठे डोळा लागलाय. उद्या ॲडमिशन, परवा ऑपरेशन.

गुदद्वाराचा कॅन्सर. गावात आम्ही 'पोटाचं दुखणं' म्हणून सांगतो. त्याआधी ताईनं दीड वर्ष मूळव्याध समजून अंगावर काढलं. रक्त जायचं, बसवायचं नाही, तरी मलमावर भागवलं, कारण तपासणारा डॉक्टर पुरुष असला तर? ही लाज तिला आम्हीच घरातल्यांनी शिकवली. त्याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या वेळी ऑपरेशन झालंच नव्हतं. रेडिएशनचे २८ शेक, आणि पहिल्या नि पाचव्या आठवड्यात केमो. कातडी सोलवटून निघाली होती, लघवीला बसली की ताई पदर तोंडात धरायची. अकराव्या आठवड्यातल्या तपासणीत गाठ थोडी उरलेली दिसली तेव्हा माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, शेक संपल्यावरही ही गाठ विरत राहते, २६ आठवडे थांबायचं, कापायची घाई करायची नाही. खरंच विरली. चौदा महिने सुखात गेले.

मग तिथंच पुन्हा कडक लागलं. बायोप्सी, एमआरआय, पेट स्कॅन. तोच आजार, त्याच जागी. जांघेत, यकृतात, फुप्फुसात काही नाही, म्हणून तर ऑपरेशन करता येतंय. लांब पसरला असता तर औषधांवरच सगळी भिस्त राहिली असती.

"मग शेकच द्या की परत," ताई म्हणाली. पण ती जागा जेवढा शेक सोसते तेवढा देऊन झालाय. आता गुदद्वार आणि गुदाशय काढून खालची वाट कायमची बंद करायची आणि पोटावर डावीकडे शौचाची नवी वाट. कायमची पिशवी. शेक दिलेल्या जागेची जखम लवकर भरत नाही, म्हणून पोटाच्या उजव्या बाजूचा स्नायू फिरवून खाली बसवणार आहेत. कापलेल्या कडा स्वच्छ आल्या पाहिजेत, म्हणजे कडेला कॅन्सर उरलेला नको. सगळं त्यावर आहे. दाजी हे ऐकताना खाली फरशीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "पिशवीच लावायची होती तर एवढं भाजून कशाला घेतलं?"

त्या रात्री मी वाचत बसले. पूर्वी हा आजार म्हणजे ऑपरेशन आणि पिशवी, हे ठरलेलंच. डेट्रॉइटच्या डॉ. नॉर्मन निग्रो यांनी तीन रुग्णांना ऑपरेशनआधी शेक आणि केमो दिली. दोघांचं ऑपरेशन झालं, तर काढलेल्या भागात कॅन्सर सापडेचना. तिसऱ्यानं ऑपरेशनच नाकारलं. १९७४ साली त्यांनी हे छापलं आणि तेव्हापासून कितीतरी माणसं पिशवीवाचून बरी झाली. ताईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे मलाही संधी दिली होती त्यांनी."

आज दुपारी स्टोमाच्या, म्हणजे पोटावरच्या त्या नव्या वाटेचं बघणाऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी ताईला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं, पोटाला वळी कुठे पडते ते पाहिलं. मग विचारलं, "मावशी, परकराची नाडी कुठं बांधता?" ताईनं बांधून दाखवली. नाडी पिशवीवर यायला नको आणि पिशवी मावशींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे, असं म्हणत त्यांनी नाडीच्या खाली डावीकडे मार्करनं गोल काढला. वर पारदर्शक पट्टी चिकटवली, आंघोळीत पुसू नये म्हणून.

इतक्या महिन्यांत ताईला 'तुम्ही कशा नेसता' असं कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं. संध्याकाळी तिनं आपणहून जाऊबाईंना फोन लावला आणि दुखणं कुठं आहे ते नाव घेऊन सांगितलं. मी दारात उभी राहून रडले.

मघाशी कूस बदलताना तिनं मला हलवलं. "बघ गं, खूण आहे ना?"

मोबाईलच्या उजेडात पाहिलं. आहे.