तुम्ही विचारलंत म्हणून: करार आहे, तरी सॅमनवरून भांडण का?

मालवणात आले की हा प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे कॅनडा-अमेरिकेने सॅमनचे वाटे कागदावर करून घेतलेत ना? मग तिथले मच्छीमार चिडतात कशाला?" मी व्हँकुव्हरजवळ राहते, स्टीव्हस्टनच्या धक्क्यावर थेट बोटीवरून मासे घेते. तिथे कानावर पडतं ते सांगते.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. कॅनडाच्या फ्रेझर नदीचा सॉकाय (सॅमनचीच एक जात) व्हँकुव्हर बेटाला दक्षिणेकडून वळसा घालून आला, तर वाटेत अमेरिकन जाळी लागतात. उत्तरेच्या जॉनस्टन सामुद्रधुनीतून आला, तर ती बरीचशी चुकतात. कुठल्या वर्षी किती मासा कुठून येईल, ते त्याचं तोच ठरवतो. १९८५ च्या करारातलं तत्त्व असं की ज्याच्या नद्यांत जेवढा मासा तयार होतो, तेवढा लाभ त्याला मिळावा. धक्क्यावर हे कुणाला अमान्य नाही. त्यांना जाळतो तो दुसराच प्रश्न: आम्ही जाळी गुंडाळून सोडलेला मासा नदीत पोचला, की पुढच्याच्या बोटीत गेला? अलास्कात धरलेल्या चिनूकमध्ये (ही सॅमनची दुसरी जात) कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन, ओरेगॉन राज्यांतल्या नद्यांचेही मासे असतात. इकडे कॅनडाच्या बोटी वॉशिंग्टनकडे निघालेले चिनूक धरतात. प्रत्येक जण कुणाच्या तरी वाटेत उभा आहे.

१९९७ मध्ये बोलणी फिसकटली तेव्हा कॅनडाच्या मच्छीमारांनी प्रिन्स रूपर्ट बंदरात अलास्काची प्रवासी फेरी तीन दिवस अडवून धरली. प्रवाशांना वेठीला धरणं मला पटत नाही. पण इतकी वर्षं त्यांचं ऐकलंय, त्यामुळे तो राग मला परका वाटत नाही. नवा समझोता १९९९ मध्ये झाला.

अंदाजांवरचा विश्वासही डळमळीत आहे. २००९ मध्ये फ्रेझरला एक कोटीहून जास्त सॉकाय येणार होते, आले जेमतेम पंधरा लाख. पुढच्याच वर्षी पावणेतीन कोटींच्या वर आले! ज्याच्या बोटीवर कर्ज आहे, त्याने कुठला आकडा धरून चालायचं?

सगळ्यात जिव्हारी लागतं ते युकॉन नदीचं. २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने तिथली चिनूकची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. काठावरच्या आदिवासी कुटुंबांच्या मासे धुरावण्याच्या खोपी रिकाम्या पडल्यात. तिकडे बेरिंग समुद्रात पोलॉक माशासाठी ट्रॉलर फिरतातच, आणि त्यांच्या जाळ्यात चिनूकही सापडतो. त्याला मर्यादा घातलीय, पण काठावरच्या माणसाला स्वतःसाठी एकही धरायचा नाही.

किनाऱ्यावरून हाताने रापण ओढणारा मोठ्या जाळ्याच्या पर्ससीन बोटवाल्याबद्दल काय बोलतो, ते मालवणात मी सांगायला नको.