चिखल बघत काढलेला दिवस

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं काम माझ्याकडे होतं आणि मी सकाळी सहा दहा ही भरतीची वेळ म्हणून ठणकावून सांगितली, ती निघाली ओहोटीची. खाडीवरचे पक्षी ज्यांनी कधी बघितले नाहीत त्यांना वाटेल यात एवढं काय, पण सगळा खेळ यावरच असतो हो. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने पार लांब जातात, आणि भरती चढायला लागली की पाणीच त्यांना ढकलत ढकलत काठाला आणतं, आपण नुसतं गप्प बसून राहायचं. म्हणजे भरतीच्या तास-दीड तास आधी पोचायचं असतं. आम्ही पोचलो सहा तास आधी.

आम्ही म्हणजे मी, माझी नऊ वर्षांची भाची आणि सर. सर कुठल्या शाळेतले वगैरे नाहीत, तीसेक वर्षं या पाणथळीवर येतायत म्हणून सगळे सर म्हणतात आणि त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. भाची त्यांना आजोबा म्हणते, तेही त्यांना चालतं.

"मावशी, पक्षी कुठेत?"

"ते काय, समोर. ते ठिपके."

तिने ठिपक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ठिपके बघायला चार वाजता उठवलंस मला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर मात्र ट्रायपॉडचे पाय उघडत म्हणाले, बरं झालं, आता चिखल नीट बघता येईल. मला वाटलं टोमणा मारतायत. नंतर कळलं की माणूस सीरियसली बोलत होता.

जागा कशी आहे ते सांगते. एका अंगाला फ्लायओव्हर, दुसरीकडे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लांट, त्याच्या मागे काचेच्या उंच बिल्डिंगा, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने एक विमान चाकं बाहेर काढून उतरत असतं. वासाबद्दल न बोललेलं बरं. दुर्बीण डोळ्याला लावली की हे सगळं गायब होतं, उरतं ते गोल चकतीतलं पाणी, गवत आणि बगळा, वाटावं अगदी कुठल्या आदिम जगात आलोय. आणि दुर्बीण जरा खाली घेतली की शहर हजर. पक्ष्यांचे सुंदर सुंदर फोटो आपण बघतो ना, त्यातल्या कितीतरी फोटोंत कडेचा फ्लायओव्हर कापलेला असतो, आता माझा तर अशा फोटोंवर विश्वासच उरलेला नाही. मी स्वतःही कापते. आणि सांडपाण्याच्या तळ्यांची तर पक्षी बघणाऱ्यांमध्ये वेगळीच इज्जत असते, पाण्यात खत भरपूर, म्हणून किडे-अळ्या भरपूर, म्हणून पक्षी भरपूर. परक्या शहरात गेलो की आमच्यातले काही लोक आधी तिथला सांडपाण्याचा प्लांट कुठे आहे ते विचारतात आणि घरचे लोक तोंड लपवतात.

तर चिखल. सर आम्हाला काठाच्या अगदी कडेला घेऊन गेले, जिथे बूट जेमतेम बोटभर रुततात, आणि म्हणाले, खाली बस. बसलो. लांबून सगळा एकसारखा राखाडी लगदा दिसतो तो, जवळून तसं काहीच नव्हतं. वर एक तेलकट, तपकिरी-सोनेरी झाक होती, मधेमधे टाचणीने टोचल्यासारखी भोकं, काही भोकांतून बारीक बुडबुडे, बोटाच्या पेराएवढ्या गोगलगाया आपापली नागमोडी रेघ मागे सोडत चाललेल्या. आणि पावलं. तीन बोटांची, एवढुशी, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी, आणि त्या पावलांच्या बाजूबाजूने टिंबांची रांग, दोन-दोन, दोन-दोन, शिलाई मशीनने टीप मारल्यासारखी.

"ही चोच," सर म्हणाले. "रात्री इथे जेवून गेलाय कोणीतरी. टिलवा असेल."

भाची एकदम वाकली आणि तिचा उजवा बूट चिखलातच राहिला. पाय बाहेर, बूट आत. तो काढायला मला दोन्ही हातांनी ओढावं लागलं, सुटताना चिखलाने असा काही आवाज केला की ती पुढे दिवसभर तोच आवाज काढत होती. पण त्या निमित्ताने बुटाच्या खड्ड्यात आतला थर दिसला, वर तपकिरी आणि बोटभर खाली एकदम काळा, आणि त्या दोन रंगांच्या मधे एक लालसर किडा वळवळत होता. सरांनी तो खड्डा एखाद्या दुकानाच्या शोकेससारखा दाखवला. वरच्या कातडीवरचं खायला टिलव्याची आखूड चोच पुरते, त्याच्या खालचं तुतारी पक्ष्याला मिळतं, आणखी खालचं पाणटिवळ्याला, आणि अगदी तळघरातलं कोरलला, त्याची चोच वाकडी आणि भली लांब असते ती काय उगाच नाही. एकाच ताटात सगळे जेवतात पण भांडण होत नाही कारण प्रत्येकाचा हात वेगळ्या खोलीपर्यंत पोचतो. बरं, यातल्या बऱ्याच जणांना चिखलात खुपसलेल्या चोचीचं नुसतं टोक उघडता येतं, पूर्ण चोच न उघडता. मी हे घरी आल्यावर चिमट्याने करून बघायचा प्रयत्न केला. नाही जमत.

आणि ती वरची तेलकट झाक, मी जिला प्रदूषण समजत होते, तेसुद्धा जेवणच. सूक्ष्म शेवाळ, जिवाणू आणि त्यांचा चिकट स्राव यांचा तो पापुद्रा असतो, बायोफिल्म म्हणतात. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की वेस्टर्न सँडपायपर नावाचा पक्षी हा पापुद्रा जिभेवरच्या बारीक केसांनी खरवडून खातो आणि त्याच्या आहाराचा चांगला मोठा हिस्सा हाच असतो. तोपर्यंत लोकांना वाटत होतं चिखल चाटणं हे गोगलगायींसारख्यांचं आणि फार तर काही माशांचं काम, पक्ष्यांचं नाही.

वसंत म्हटला की सगळे फुलांकडे आणि पालवीकडे बघतात. चिखलाला वसंत येतो असं कोणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही. पण उन्हं वाढली की या पापुद्र्याला जोर चढतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पक्ष्यांना उत्तरेकडे निघायचं असतं. काहींना घाई इतकी की ते निघायच्या आधी खाऊन खाऊन जवळपास दुप्पट होतात. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा तर अजून पुढचा, त्याची चरबी चढते आणि प्रवासात न लागणारे अवयव, म्हणजे आतडी, पोटाची पिशवी, यकृत, हे सगळं आकसतं. एवढ्या लांब जायचं तर डबा धुवून ठेवून द्यायचा, तसं. या जातीच्या एका पिल्लाने २०२२ साली अलास्काहून निघून थेट टास्मानिया गाठलं, १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मधे कुठेही न थांबता. वय पाच महिने. पाण्यावर बसून विश्रांती घेता येत नाही या पक्ष्यांना, खाली अख्खा पॅसिफिक असला तरी. हे मी भाचीला सांगितलं तर तिने विचारलं, "त्याला शी लागली तर?" सर इतके हसले की ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण, त्यांचा स्कोप, हलला.

मग वाट बघणं. साडेसात, आठ, नऊ. या वेळात काय काय झालं, तर एक बगळा मोठ्या आनंदाने लिहून घेतला आणि तो प्लास्टिकची पिशवी निघाला. धोबी आला, शेपूट वरखाली करत आमच्यासमोरून तीनदा गेला. टिटवीने आमच्यावर आरडाओरडा केला, तो ती कोणावरही करते. लांबच्या कोरलांवरून सरांनी स्कोप एकदा फिरवला आणि मग परत पहिल्यापासून, एकेक पक्षी. मी विचारलं काय शोधताय. म्हणाले, सवय आहे. कोरलाच्या गोतावळ्यात एक बारीक चोचीचा कोरल होता, हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या आसपास उतरायचा, शेवटचा पक्का पुरावा १९९५ चा, मोरोक्कोतल्या मेर्जा झेरगा नावाच्या खाजणातला. आता तो नामशेष झाला असंच अभ्यासक म्हणतात. तो इथे दिसायची शक्यता तेव्हाही नव्हती आणि आता तर नाहीच नाही. "तरी मी दोनदा बघतो," सर म्हणाले आणि विषय बदलला.

दहानंतर ऊन तापलं आणि चिखलावरची हवा थरथरायला लागली. ठिपके आता ठिपकेसुद्धा राहिले नाहीत, नुसती पाण्यातली सावली हलते तशी सळसळ. या वेळेला शहाणी माणसं घरी जातात.

साडेअकराला पाणी आलं. आलं म्हणजे कसं, तर आवाज नाही, लाट नाही, मघाशी बूट अडकलेला तो खड्डा बघता बघता चमकायला लागला आणि मग नव्हताच. आणि पाण्याच्या पुढे पुढे पक्षी. आधी तांबूस पाणटिवळे, पोटापर्यंत पाण्यात, मग बाकचोच तुतारी, काही अजून हिवाळ्याच्या राखाडीत तर काही विटेसारख्या लाल झालेल्या, आणि सगळ्यात पुढे टिलव्यांचा घोळका, उंदरांसारखे पळत. आमच्यापासून वीसेक फुटांवर येऊन थांबले. दुर्बीण लागत नव्हती.

एक टिलवा मी खूप वेळ बघितला. रंग बदलायचं काम अर्धवट झालं होतं त्याचं, पाठीवर काही पिसं ताजी, काळी-तांबडी, पिवळसर काठाची, आणि मधेच जुनी, विटकी, टोकं झिजलेली, घर रंगवताना मधेच रंगारी सुट्टीवर जावा तसं. चोच थांबतच नव्हती, टकटक टकटक, पाऊल टाकायचं तेही टोचता टोचताच. शेजारच्याला धक्का लागला की दोघांची सेकंदभर तणातणी आणि परत टकटक. रिमोटमध्ये दोन बारके सेल घालतो ना आपण, तेवढं त्याचं वजन, वीस-पंचवीस ग्रॅम. आणि जायचंय कुठे, तर पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात, अंडी घालायला. मी हे आधी दहादा वाचलेलं आहे. पण सकाळी त्याच्या जेवणात माझा हात मनगटापर्यंत गेला होता त्यामुळे असेल, या वेळी ते वाचलेलं वाटलं नाही.

मधेच सगळे एकदम उठले, शंभर-दीडशे पक्षी, एक पांढरी वीज, एक काळी वीज, आणि वरून भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, आरामात निघून गेला, त्याला बहुतेक भूकही नव्हती. दोन मिनिटांत सगळे परत जागेवर.

दुपारची हकीकत थोडक्यात. प्लांटच्या मागच्या गोड्या तळ्यावर सावलीत बसलो. शेकाटे होते, गुलाबी काड्यांसारख्या पायांवर, त्यांना बघून भाची म्हणाली यांना कोणीतरी चुकीचे पाय दिलेत. थापट्या बदकं एकमेकांच्या मागे गोल गोल पोहत होती, पाण्यात भोवरा करून खालचं खाणं वर आणायचं आणि चोचीच्या कडेच्या गाळणीतून गाळायचं. वारकरी पक्षी आपले सगळ्यांशी भांडत. सरांनी पंधरा मिनिटं टोपी तोंडावर घेऊन डुलकी काढली आणि मी मोबाईलवर वाचत बसले, त्यात कळलं की जर्मनी-नेदरलँड्सच्या काठाचा वाडन समुद्र २००९ मध्ये, चीनच्या पीत समुद्राचा काठ २०१९ मध्ये आणि कोरियातल्या चिखलपट्ट्या २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यात. म्हणजे राजवाडे, देवळं, पिरॅमिड आणि चिखल. समोरच्या बिल्डिंगांकडे बघितलं. त्यातल्या कितीतरी कधीकाळी असाच चिखल होता त्यावर भराव टाकून उभ्या असणार आणि तेव्हा कोणीतरी नकाशावर त्या तुकड्याला पडीक जमीन असं लिहिलं असणार.

संध्याकाळी निघायच्या आधी परत एकदा खाडीवर गेलो. पाणी उतरलं होतं, चिखल परत उघडा. भाचीने सरांची वही घेतली होती, टिलवे मोजायचं काम तिचं, तिने दोनदा मोजून बासष्ट लिहिले. तेवढ्यात त्यातले काही उठले. भोवत्या नव्हता, कोणी हाकललं नव्हतं. एकमेकांना हाका मारत वर गेले, एक चक्कर मारली, अजून वर, आम्ही ते वळायची वाट बघत होतो. ते वळले नाहीत. फ्लायओव्हरच्या वरून, बिल्डिंगांच्याही वरून, उतरणाऱ्या विमानाला बगल देऊन उत्तरेकडे बारीक होत होत गेले.

"चौदा होते," भाची म्हणाली. "आजोबा, मग आता अठ्ठेचाळीस करू का?"

"नाही गं. दिसले ते दिसले."

तिने बासष्ट तसेच ठेवले. मग जरा विचार करून समासात बारीक अक्षरात लिहिलं, चौदा गेले, सहा वाजून वीस मिनिटं, आणि वही परत देताना तिच्या अंगठ्याचा चिखलाचा ठसा त्या पानावर उठला तो सरांनी पुसला नाही.