ढापे निघाले त्या दिवशी

मे संपत आला की भीमेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायची गडबड सुरू होते. पूर यायच्या आत ते निघाले नाहीत, तर नदी बंधाऱ्याला बगल देऊन काठची शेतं फोडते. तेव्हा घाई समजू शकते. पण उन्हाळाभर त्या ढाप्यांमागे काय साचलंय आणि ते सुटल्यावर कुठे जाणार, हे खालच्या लोकांना एका फोनने कळवायला कुणाचं काय जातं?

मी भीमेवरच्या एका नळयोजनेवर कनिष्ठ अभियंता आहे. त्या दिवशी पहाटे पंपचालक नानांचा फोन आला. "मॅडम, पंप हवा घेतोय, अँपिअर नुसते नाचतायत. आणि नदी दिसत नाहीये."

मी पोचले तोवर नानांनी पंप बंद केला होता. जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, पुलावरून पाहिलं, तर या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. गुडघाभर उंच, गच्च, वर जांभळी फुलं. बगळे तिच्यावरून निवांत चालत होते. रात्रीत कुठल्या तरी बंधाऱ्याचे ढापे निघाले होते आणि मागचं सगळं हिरवं बेट आमच्या दारात येऊन टेकलं होतं.

पानं जाळीला अडकली तर आकड्याने ओढून काढता येतात. खरा वैताग मुळांचा. काळपट जांभळी, पिसासारखी, गाळाने भरलेली मुळं तुटून आत शिरतात आणि पंपाच्या स्ट्रेनरवर, म्हणजे गाळणीवर, नमद्यासारखी घट्ट बसतात. उंच टाकीत दुपारपर्यंत पुरेल एवढं पाणी होतं. तेवढाच वेळ आमच्या हातात.

आठ वाजता ठेकेदाराचा माणूस आला. "मॅडम, औषध मारू. आठवड्यात जळून खाली बसेल." खाली बसणं हीच तर भीती. मेलेली जलपर्णी तळाला कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते, मासे मरतात आणि तिने शोषलेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात उतरतं. उरलेली रोपं त्याच खतावर पुन्हा माजतात. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने २०२२ पासून निर्बंध घातलेत, आणि पिण्याच्या पाण्याच्या उपशाच्या तोंडाशी तणनाशक फवारायची परवानगी मी तरी देणार नव्हते. तो थोडा नाराज झाला. फवारणीच्या बिलाला मोजमाप लागत नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

मोजमाप पोकलेनच्या कामाला लागतं, आणि तिथे या झाडाचं गणित अंगावर येतं. दाट वाढलेल्या जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी तीनशे-चारशे टनांपर्यंत जातं आणि त्यातलं पंच्याण्णव टक्के निव्वळ पाणी. म्हणजे आपण डिझेल जाळून नदीतलं पाणीच हायवा डंपरमध्ये भरायचं. त्यात देठ पोकळ आणि फुगीर असल्याने हायवा वजनाआधी आकारानेच भरते. म्हणून मी उचलून न्यायचा नाद सोडला. काढलेला माल पूररेषेच्या वर पसरायचा, सुकला की मग हलवायचा. बहुतेक ठिकाणी तो काठालाच टाकतात आणि पहिला पाऊस त्याला नदीत परत नेऊन ठेवतो.

पण आधी उपशाचं तोंड मोकळं करायचं होतं. वाट काढली ती नानांनी आणि गावातल्या भोई मंडळींनी. प्लास्टिकची निळी बॅरलं वायररोपला ओळीने बांधली, त्या दोराचं एक टोक जॅकवेलच्या खांबाला, दुसरं वरच्या अंगाला पलीकडच्या काठावरच्या बाभळीला. दोर आडवा लावला असता तर लोंढ्याने तुटलाच असता. तिरका लावल्यावर प्रवाहच जलपर्णी सरकवत आमच्या काठाला, पोकलेनच्या बकेटखाली आणून देऊ लागला. बॅरलांच्या खालच्या बाजूचं आत अडकलेलं मात्र भोई पोरांनी होडीतून, कोयत्याने कापून काढलं. दीडच्या सुमाराला नानांनी पंप लावला. अँपिअर स्थिर.

दुपारी ओळखीचे कीटकशास्त्राचे एक सर आले. मीच बोलावलं होतं. त्यांनी ढिगातून एक रोप उचललं. बाजूला आडवा धावता देठ आणि त्याच्या टोकाला पिल्लू रोप. "गरम पाणी आणि एवढं खत मिळालं, की पंधरा दिवसांच्या आत दुप्पट होते. वाळलेलं फूल मान खाली घालून बी पाण्यात सोडतं, ते गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं." मग त्यांनी पान उन्हात धरलं. पानभर बारीक, चौकोनी ओरखडे. त्यांनी मधला कोंब नखाने उकलला, तर आत ज्वारीच्या दाण्याएवढा करडा भुंगा दडून बसलेला.

तो निओकेटिना. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली आणि हा तिचा तिकडचाच शत्रू. भारतात १९८२-८३ च्या सुमारास आणला आणि बंगळूरजवळच्या तळ्यांत आधी सोडला. प्रौढ भुंगे रात्री पान खरवडतात, अळी देठ पोखरत कोंबाकडे जाते, कोष पाण्याखालच्या मुळांवर बांधते. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्याने काम करून दाखवलं.

"मग आमच्याकडे का नाही?" मी विचारलं.

"लोकटाक सरोवर आहे, ही वाहती नदी. एक पिढी पुरी व्हायला याला तीन-साडेतीन महिने लागतात. संख्या वाढते न वाढते तोच पूर येऊन झाड आणि भुंगा दोन्ही उजनीत नेतो. पूर नाही आला तर तुमचा पोकलेन आहेच. आणि पाण्यात सांडपाण्याचं एवढं नत्र, की तो एक पान खाईस्तोवर ही दोन नवी काढते."

त्यांनी एक मागणी केली. बंधाऱ्याच्या वर ओढ्याच्या तोंडाशी पाणी संथ असतं, तिथला पट्टा काढू नका, भुंग्यांना राहू द्या. मला पटलं. वरिष्ठांना पटवणं वेगळं. पोकलेनच्या तासांना अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब असते, मुद्दाम न काढलेल्या जलपर्णीला नसते. पाहणीला येणारा प्रत्येक जण पहिला त्याच पट्ट्याकडे बोट दाखवणार, हे मी तेव्हाच ओळखलं. तरी टिपणी लिहिली, पट्टा राखला आणि दोन्ही टोकांना खुणेचे बांबू ठोकले. माझ्या मते सांडपाणी शुद्ध होऊन येईपर्यंत भुंगा काय आणि पोकलेन काय, दोघेही आमच्यासाठी वेळ काढणारेच आहेत.

संध्याकाळी बॅरलांच्या खालच्या अंगाला राहिलेले, मधल्या धारेला लागलेले मोठाले पुंजके खाली वाहत निघाले. सगळं काढणं शक्यच नव्हतं. मी खालच्या योजनेच्या अभियंत्याला फोन लावला. "तुमच्याकडे येतंय. रात्री उशिरा पोचेल."

"किती आहे?"

"तीन-चार एकर तरी."

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "बॅरलं कुठून घेतली, ते आधी सांगा."